तान्ह्या बालकांचे रडणे व ते थांबविण्याचे उपाय : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : नंदुरबार जिल्हा)

प्रास्ताविक

इतिहासलेखनात बालकाला स्थान मिळाले ते फार उशिरा, आणि ज्याला बोलताही येत नाही अशा तान्ह्या बालकाला तर ते अद्यापही पुरेसे मिळालेले नाही. राज्यकर्ते, चळवळी, जमीनमहसूल, दुष्काळ या विषयांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले. परंतु दिवसभर राबून आलेल्या स्त्रीने रात्री रडणाऱ्या मुलाला कसे शांत केले, हा प्रश्न इतिहासाचा आहे असे फारसे कुणाला वाटले नाही. वास्तविक या प्रश्नाशी मजुरीचे तास, घराची जागा, औषधविक्रीचे कायदे, सरकारचे उत्पन्न आणि बालमृत्यूचे प्रमाण हे सर्व निगडित आहे.

गेल्या काही दशकांत वैद्यकशास्त्राने या प्रश्नाची एक भयावह बाजू पुढे आणली. रडणे थांबत नाही म्हणून संतापाच्या भरात तान्ह्या मुलाला दोन्ही हातांनी धरून जोरजोराने हलविल्यास त्याच्या मेंदूला गंभीर इजा होते. या विकाराला ‘शेकन बेबी सिंड्रोम’ असे नाव पडले. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००९ मध्ये त्याऐवजी ‘अब्यूझिव्ह हेड ट्रॉमा’, म्हणजे मारहाणजन्य मस्तकाघात, ही अधिक व्यापक संज्ञा सुचविली. भारतीय वैद्यकीय साहित्यात याचे मोजकेच रुग्णवृत्तान्त आढळतात. त्यावरून हा प्रकार आपल्याकडे घडतच नाही असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. प्रस्तुत लेखात रडणाऱ्या बालकाला शांत करण्याच्या उपायांचा मुंबई इलाख्यातील इतिहास तपासून त्याच्या प्रकाशात नंदुरबार जिल्ह्यातील स्थितीचा विचार केला आहे.

संहितांमधील निर्देश

बालसंगोपनाविषयी आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत बरेच विवेचन आहे. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय हा तर ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही अशा बालकाचा आजार कसा ओळखावा, या एकाच प्रश्नाला वाहिलेला आहे. कान दुखत असता बालक काय करते, पोटात शूळ असता कसे रडते, याची तेथे केलेली नोंद निरीक्षणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, मूल रडत असले किंवा जेवत नसले तरी त्याला राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे सांगितले आहे. सुश्रुताने याहून पुढे जाऊन बालकाला सुख वाटेल अशा रीतीने धरावे, धमकावू नये, एकाएकी जागे करू नये, एकाएकी ओढून घेऊ नये किंवा वर उडवू नये, असा निर्देश केला आहे.

सुश्रुताच्या या वचनाचा आधार घेऊन ‘हे सर्व आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. सुश्रुताने दिलेले कारण वातप्रकोपाचे आहे. मेंदूवरील रक्तवाहिन्या तुटण्याची कल्पना तेथे नाही. मात्र तान्ह्याला हिसका देणे अपायकारक आहे हा अनुभव त्या काळातील दायांच्या व वैद्यांच्या गाठी होता, एवढे म्हणता येते. ग्रंथात निषेध येतो तो बहुधा समाजात ती गोष्ट घडत असते म्हणूनच, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवले पाहिजे.

ग्रंथांपेक्षा घराघरांतील रीत अधिक प्रभावी होती. अंगाला तेल चोळणे, टाळू भरणे, शेक देणे, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावणे, ओवा-वावडिंगाचे पाणी, मुरडशेंग-वेखंड उगाळून दिलेली घुटी, दृष्ट काढणे आणि अखेरीस पाळणा किंवा झोळी हे उपाय मराठी मुलुखात सर्वत्र परिचित आहेत. यांतील काही निरुपद्रवी, काही उपयुक्त, तर काही घातक. मेळघाटातील कोरकू समाजात तान्ह्याच्या फुगलेल्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा घातक गटातील होय. आदिवासी समाजाच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून ती वारंवार सांगितली जाते. परंतु शहरी व सुशिक्षित समाजानेही एक घातक उपाय दीर्घकाळ वापरला आणि सरकारी परवान्याच्या दुकानातून विकत आणला, याची आठवण तितक्या तत्परतेने काढली जात नाही. तो उपाय म्हणजे अफू.

बाळगोळी

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात तान्ह्या मुलांना अल्प प्रमाणात अफू देण्याची चाल सर्व थरांत होती. अफूत जायफळासारखे पदार्थ मिसळून केलेली लहानशी गोळी ‘बाळगोळी’ या नावाने ओळखली जाई. जन्मानंतर काही आठवड्यांत वा महिन्यांत ती सुरू होई आणि मूल दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत चालू राही. खानदेशाला हा पदार्थ अपरिचित असणे शक्यच नव्हते. माळव्याची अफू मुंबई बंदराकडे जाताना सातपुडा ओलांडून येई आणि सेंधवा-शिरपूर-धुळे हा आग्रा मार्ग तिच्या वाहतुकीच्या वाटांपैकी एक होता. अफूच्या व्यापारावर कंपनी सरकारचे व पुढे ब्रिटिश सरकारचे मोठे उत्पन्न अवलंबून होते. १८७८ च्या अफू कायद्याने किरकोळ विक्री परवान्याखाली आली, बंद झाली नाही.

ब्रिटनमधील अफूविरोधी चळवळीच्या दबावामुळे १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमण्यात आले. दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह व जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे त्याचे भारतीय सदस्य होते. कमिशनपुढे आलेल्या साक्षींत बालकांना अफू देण्याचा विषय पुनःपुन्हा येतो. काही डॉक्टरांनी ती चाल धोक्याची म्हटली. पुष्कळांनी मात्र तिचे समर्थन केले. अफूने मूल शांत राहते, सर्दी-जुलाब होत नाहीत, आईला काम करता येते, अशी कारणे देण्यात आली. १८९५ च्या अहवालात बहुमताने अफूची प्रचलित व्यवस्था चालू ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. हेन्री विल्सन या एकाच सदस्याने ठाम भिन्नमत नोंदविले.

‘आईला काम करता येते’ हे कारण मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. येथे औषध बालकाच्या दुखण्यावर नव्हते, आईच्या कामाच्या तासांवर होते. इंग्लंडच्या गिरणीगावांतही याच काळात कामकरी स्त्रिया ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ हे अफूमिश्रित द्रव मुलांना पाजत. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फिन असे. आपल्या घराघरांत पोहोचलेल्या ग्राइप वॉटरमध्येही पूर्वी मद्यार्क असे. यंत्रयुगाने स्त्रीचा दिवस भोंग्याला बांधला, परंतु तान्ह्याचा दिवस भोंग्यावर चालत नाही. या विसंगतीवर तीन खंडांतील समाजांनी शोधलेला उपाय एकच होता.

मुंबईच्या गिरणगावात या उपायाची व्याप्ती किती होती हे १९२२ च्या सुमारास उघड झाले. कामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी औद्योगिक कामगार स्त्रियांच्या सुमारे ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जाते, असे नमूद केले. सी. एफ. अँड्र्यूज यांनी अफूच्या प्रश्नावर लिहिताना हा आकडा पुढे आणला व तो देशाबाहेरही गाजला. त्याच वेळी, म्हणजे १९२१ साली, मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद आहे. अनेक जन्म नोंदलेच जात नसल्याने हा आकडा फुगलेला आहे हे मान्य केले, तरी परिस्थितीची कल्पना येण्यास तो पुरेसा आहे.

अफू बालकाला नेमके काय करीत असे? ती वेदना व भूक या दोन्हींची जाणीव बोथट करते. गुंगीतील मूल दूध मागत नाही, आईचे दूध ओढले न गेल्याने आटत जाते, बद्धकोष्ठ होतो, वजन घटते. मात्रा किंचित वाढली तर श्वास मंदावून मृत्यू येतो. म्हणजे जे मूल ‘शहाण्यासारखे’ निजले आहे असे शेजारपाजारी म्हणत, ते पुष्कळदा उपाशी असे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात या सवयीची दखल घेतली आणि कारखान्यांत पाळणाघरे काढण्याची शिफारस केली.

चार आठवडे

अफूला पर्याय काय, याचे उत्तर औषधशास्त्राने न देता कामगार कायद्याने दिले. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. ते संमत झाले नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ साली याच स्वरूपाच्या विधेयकावर चर्चा झाली असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. स्त्रीला प्रसूतीपूर्व व प्रसूत्युत्तर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार मोठ्या अंशी सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये झालेला मुंबईचा कायदा हा या प्रकारचा देशातील पहिला होय.

या कायद्याने प्रसूतीपूर्वी तीन व प्रसूतीनंतर चार आठवडे लाभ देऊ केला. येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधावेसे वाटते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ मध्ये ८० निरोगी अर्भकांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यात ही बालके दिवसाकाठी साधारण पावणेदोन तास रडत. सहाव्या आठवड्यात हे प्रमाण पावणेतीन तासांवर जाई आणि तिसऱ्या महिन्यानंतर उतरे. रडणे सायंकाळी अधिक असे. पुढील संशोधनांतही रडण्याचा असाच चढउतार आढळला. म्हणजे १९२९ च्या कायद्यातील विश्रांतीचे चार आठवडे संपत, तेव्हा बालकाच्या रडण्याचा सर्वांत कठीण काळ तोंडावर आलेला असे. कायदेमंडळातील सदस्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बाळगोळीचे परवानाधारक विक्रेते मात्र हे अनुभवाने जाणत असावेत.

१९६१ च्या केंद्रीय कायद्याने ही रजा एकंदर १२ आठवड्यांची केली व २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले. परंतु शेतमजूर स्त्री या रजेच्या व पाळणाघराच्या तरतुदींबाहेरच राहिली, आणि नंदुरबारच्या दृष्टीने तोच कळीचा मुद्दा आहे.

हिसक्याने होणारी इजा

अफू हा नियोजित उपाय होता. हलविणे हा सहनशक्ती संपल्याच्या क्षणीचा. त्याचा वैद्यकीय इतिहास अर्वाचीन आहे. जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने १९४६ मध्ये अशा अर्भकांची नोंद केली की ज्यांच्या मेंदूवरील आवरणाखाली रक्त साकळले होते आणि हातापायांची हाडेही मोडलेली होती. पालक मात्र कोणताही अपघात सांगत नव्हते. १९७१ साली हल येथील मेंदूशल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनी २३ बालकांच्या अभ्यासावरून असे सुचविले की, काही मुलांच्या डोक्यावर बाहेरून इजेची खूण नसतानाही असा रक्तस्राव होतो आणि त्यामागे जोराने हलविणे हे कारण असू शकते. त्यानंतर १९७२ व १९७४ मध्ये कॅफी यांनी या कल्पनेला विस्तृत रूप दिले.

तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते, मानेचे स्नायू दुर्बळ असतात आणि मेंदू मऊ असतो. जोराने पुढेमागे हिसके बसले की मेंदू कवटीच्या आत हेलकावतो, मेंदू व आवरण यांना जोडणाऱ्या नाजूक शिरा तुटतात, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होतो, श्वास अडखळतो. रुग्णालयात दाखल झालेल्या अशा बालकांपैकी सुमारे एक चतुर्थांश दगावतात. वाचलेल्यांपैकी अनेकांना अंधत्व, झटके, मतिमंदत्व यांपैकी काही ना काही कायमचे राहते. येथे अफूशी असलेले एक साम्य अंगावर काटा आणणारे आहे. हलविल्यावर मूल गप्प होते. हलविणाऱ्याला उपाय लागू पडला असे वाटते. प्रत्यक्षात ती मेंदूच्या इजेने आलेली ग्लानी असते.

झोळीला झोका देणे, मांडीवर थोपटणे, कडेवर घेऊन फिरणे यांमुळे ही इजा होत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. अन्यथा अर्धवट माहितीमुळे माता निष्कारण धास्तावतात. दुसरीकडे, रक्तस्राव दिसला की पालक दोषी, असे गणित मांडणेही चुकीचे आहे. स्वतः गथकेल्च यांनी उत्तरायुष्यात या निदानाच्या बेफिकीर वापराविषयी चिंता व्यक्त केली. स्वीडनमधील वैद्यकीय मूल्यमापन संस्थेने २०१६ मध्ये, केवळ ठराविक लक्षणांच्या त्रयीवरून हलविल्याचा निष्कर्ष काढण्यास वैज्ञानिक पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. आपल्याकडे तर आणखी एक कारण ध्यानात घ्यावे लागते. जन्मतः ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन न मिळालेल्या, केवळ अंगावर पिणाऱ्या बालकांत दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यान आपोआप मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हाच रडण्याच्या चढाचाही काळ. घरी बाळंतपण झालेल्या आदिवासी मातेवर घाईने संशय घेणे हा दुहेरी अन्याय ठरेल.

झोळी व उसाचा फड

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या समाजांत तान्हे मूल झोळीत वा आईच्या अंगाशी बांधलेले असणे ही नित्याची गोष्ट. याकडे मागासलेपणाची खूण म्हणून पाहणाऱ्यांनी संशोधन काय सांगते हे पाहावे. कॅनडातील हुंझिकर व बार यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग केला. जी अर्भके दिवसातून तीन तास वा अधिक काळ अंगाशी घेतली गेली, ती सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा ४३ टक्के कमी वेळ रडली. नंतरच्या काही प्रयोगांत एवढा फरक आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. कलहारीतील कुंग सान समाजाच्या अभ्यासात बार व सहकाऱ्यांना १९९१ मध्ये असे दिसले की, सतत अंगावर असणारी ही मुलेही वारंवार रडतात, चढाचा काळही तोच असतो. परंतु प्रत्येक वेळचे रडणे थोड्यात आटोपते.

मग प्रश्न कोठे उद्भवतो? तो झोळी आईच्या अंगावरून उतरून झाडाच्या फांदीला टांगली जाते तेव्हा. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरत परिसरात जातात व उन्हाळ्यात परततात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने खानदेशातून जाणाऱ्या या मजुरांच्या जीवनाचा १९७० च्या दशकापासून बारकाईने अभ्यास केला आहे. कोयता हे एकक नवरा-बायकोच्या जोडीचे. उचल घेतलेली असल्याने बाळंतिणीलाही फडावर उतरावे लागते. तान्हे सांभाळण्याचे काम सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे येते. तासन्‌तास रडणाऱ्या बाळाला गप्प करण्याची जबाबदारी ज्या मुलीवर आहे, तिलाच अजून कुणीतरी सांभाळायला हवे असते. या स्थितीत हिसका बसणार नाही याची हमी उपदेशाने कशी देणार?

हा प्रश्न मराठी शिक्षणक्षेत्राने पूर्वीच ओळखला होता. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम करताना पाहिले की, मोठ्या मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या कडेवर भावंडे असतात. त्यातून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र चालविणाऱ्या ‘विकासवाडी’ची कल्पना पुढे आली. शिक्षणाचा प्रयोग म्हणून आपण तिचा गौरव करतो. बालकाच्या जीविताच्या दृष्टीने तिचे मोल त्याहून कमी नाही.

बेचाळिसावा दिवस

प्रतिबंधाचा संदेश मुळात सोपा आहे. भूक, ओले कपडे, ताप, कानदुखी हे सर्व पाहून झाल्यावरही निरोगी बाळ रडत राहू शकते. तो आईचा दोष नव्हे. संताप अनावर होऊ लागल्यास बाळाला सुरक्षित जागी पाठीवर निजवून काही मिनिटे दूर जावे, दुसऱ्याच्या हाती द्यावे, परंतु कदापि हिसके देऊ नयेत. बाळ दूध पीत नसेल, गुंगीत असेल, झटके येत असतील वा टाळू फुगली असेल तर ताबडतोब दवाखाना गाठावा, आणि मूल हलविले गेले असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात मार्क डायस यांनी १९९८ पासून प्रसूतिगृहातच दोन्ही पालकांना हे समजावण्याचा उपक्रम केला. २००५ च्या अहवालानुसार तेथे अशा इजांचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटले. पुढे पेनसिल्व्हेनियात तोच उपक्रम राज्यभर राबविला असता मात्र रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या घटली नाही, असे २०१७ मध्ये आढळले. केवळ सांगण्याला मर्यादा आहेत असाच याचा अर्थ मला वाटतो. येथे पित्याचा विशेष उल्लेख आवश्यक आहे. पाश्चात्त्य नोंदींत हलविणारी व्यक्ती बहुतेक वेळा पुरुष असते. आपल्याकडील बालसंगोपनाचे सारे मार्गदर्शन मात्र मातेला उद्देशून असते.

आपल्याकडे हा संदेश नेण्यास यंत्रणा उपलब्ध आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत विकसित केलेल्या घरपोच नवजात बालसेवेच्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बालकाच्या घरी ठराविक दिवशी भेट देतात. वजन, स्तनपान, ऊब व जंतुसंसर्ग यांवर या भेटींचा भर असतो. यांतील अखेरची भेट बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे सहा आठवडे पूर्ण होताना येते. ब्रेझेल्टन यांच्या नोंदीतील रडण्याचा कळस नेमका याच दिवसांतला. त्यापूर्वीच्या एका भेटीत, एकविसाव्या दिवशी, ‘आता रडणे वाढेल आणि तीन महिन्यांनी उतरेल’ एवढे एक वाक्य पावरी, भिली वा अहिराणीत आई-वडील दोघांना सांगण्यास खर्च काहीच नाही. आमच्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे याच गावांत भरतात आणि त्यांत येणारे विद्यार्थी-विद्यार्थिनी दोन-चार वर्षांत स्वतः पालक होणार असतात.

कार्तिकात जन्मलेल्या बाळाचा बेचाळिसावा दिवस मात्र धडगावच्या पाड्यावर उजाडत नाही. तो बारडोलीकडच्या फडावर, कोपीत उजाडतो. तेथे धडगावची आशा पोहोचत नाही, आणि गुजरातच्या आशेच्या यादीत त्या बाळाचा जन्म नोंदलेला नसतो. कारखाने व दोन्ही राज्यांची आरोग्यखाती यांनी मिळून मुकादमाच्या टोळीगणिक अर्भकांची यादी करणे आणि पड जागेवर एक सावलीचे पाळणाघर चालविणे अशक्य नाही. मुंबईच्या गिरणीमालकांनाही १९२९ पूर्वी ते अशक्यच वाटत होते.